बदलीवरची आई

आमच्या रस्त्याच्या टोकाला मुलांची जी संस्था आहे, तिथे आई ही पगारी जागा आहे. हा टोमणा नाही, तिथली व्यवस्थाच तशी आहे. आवारात सहा बैठी घरं, प्रत्येक घरात ज्यांना कोणी नाही अशी आठ-दहा मुलं, आणि त्यांना सांभाळायला एक आई. आईला महिन्याचा पगार, आठवड्याची सुटी, वर्षाची हक्काची रजा आणि साठी झाली की निवृत्ती. मी त्या संस्थेचा फोटोवाला. माझा स्टुडिओ रस्त्याच्या अलीकडच्या टोकाला आहे आणि संस्थेत दर वर्षी माजी मुलांचा मेळावा भरतो, त्याचे फोटो काढायचं काम माझ्या वडिलांपासून आमच्याकडे आलंय. आता तुम्ही विचाराल, आई सुटीवर गेली की मुलांचं काय? त्या दिवशी बदली आई येते.

ही बदली आई आली तेव्हा पंचविशीच्या आसपास होती. नवरा गेलेला, पोटी मूल नाही. भावाच्या घरी राहायची, पण 'हे घर तुझंच आहे' असं वहिनीनं इतक्या वेळा म्हटलं, की आता निघायला हवं हे हिला कळून चुकलं. संस्थेत आईच्या सगळ्या जागा भरलेल्या होत्या. तेव्हाचे संचालक म्हणाले, "तूर्तास बदलीवर या. जागा रिकामी झाली की पहिलं नाव तुमचंच." जागा पुढे पुष्कळ रिकाम्या झाल्या. एक आई लग्न करून गेली, एक गोंगाटाला कंटाळून गेली, एकीला दुसरीकडे बरा पगार मिळाला. दर वेळी हिचं नाव निघायचं आणि दर वेळी कचेरीतलं कोणीतरी म्हणायचं, "अहो, हिला कायम केलं तर बदलीवर कोण? कायम आया मिळतात हो, चांगली बदली मिळत नाही." झालं. काम चोख केल्याबद्दल बाईंना आहे तिथेच ठेवण्यात आलं. कायम आया आल्या आणि गेल्या. बदलीवाली तेवढी कायम राहिली.

सहा घरांना सहा वेगवेगळ्या दिवशी सुटी. त्यामुळे ही रोज संध्याकाळी एका घरातून दुसऱ्या घरात. खांद्याला तपकिरी कापडी बॅग, तिच्यात स्वतःची चादर, उशीचा अभ्रा, टॉवेल, कंगवा. झोपायचं त्या घरच्या आईच्या पलंगावर, पण स्वतःची चादर अंथरून, आणि सकाळी घडी घालून परत बॅगेत. सातव्या दिवशी हिची सुटी. त्या दिवशी ती धान्याच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांमधे खाट टाकून झोपायची. स्वतःची खोली अशी तिला कधी नव्हतीच. मी एकदा विचारलं, "सुटीच्या दिवशी कुठे जात नाही का?" तर म्हणाली, "जाते की. उंदीर फार झालेत, त्यांच्याकडे बघते."

तिची कामाची रीत ऐकण्यासारखी आहे. आपण येऊन गेलो हे मागे उरता कामा नये, एवढी एकच गोष्ट तिला जमवायची असायची, आणि ती तिनं अशी जमवली की विचारू नका. एक नंबरची आई भातात मीठ घालत नाही, तर ही त्या घरात अळणी भात करायची. चार नंबरची मुलांना उठवताना टाळ्या वाजवते, तर ही टाळ्या वाजवायची. दोन नंबरची अंगाई म्हणते, पण सुराशी तिचं जन्माचं वैर. ही त्या घरात अंगाई म्हणायची ती तश्शीच, बेसूर, जिथे तिचा आवाज फाटतो तिथे आपलाही फाडून. मला वाटायचं, हिचाही गळा तसलाच असेल. मग एकदा मेळाव्याच्या सकाळी ती सामायिक स्वयंपाकघरात एकटीच भांडी पुसत गात होती. मी खांद्यावर स्टँड घेऊन दाराबाहेर तसाच उभा राहिलो, इतकं गोड.

"अहो, मग मुलांपुढे असं का म्हणत नाही?" मी न राहवून विचारलं.

"आणि उद्या त्यांची आई येईल, तेव्हा तिनं काय करायचं?" ती म्हणाली आणि पुढचं भांडं उचललं.

मुलंही वस्ताद. मोडलेली खिडकी, चोरलेला पेरू, परीक्षेत मिळालेला भोपळा, असलं सगळं ती बदलीच्या दिवसासाठी राखून ठेवायची. आईला सांगायची भीती, आणि ही तर उद्या जाणारच. ताप आणि उलट्याही नेमक्या बदलीच्याच दिवशी. ही रात्रभर उशाशी बसायची आणि सकाळी म्हणायची, "आता आई आली की तिला सगळं तूच सांग. मी काही ऐकलं नाही." एखादं पोर चुकून हिला नुसतं 'आई' म्हणालं तर लगेच दुरुस्ती: "बदली आई म्हणायचं. तुझी आई उद्या येते." मी हे कानांनी ऐकलंय. मला तेव्हा राग आला होता. म्हटलं, काय बाई आहे, फुकटचं मिळतंय ते घेत नाही.

तीन नंबरच्या आईची गोष्ट वेगळी. ती कडक. चादरीचे कोपरे इस्पितळातल्यासारखे दुमडलेले हवेत, ताटात एक शीत उरता कामा नये, आणि जीभ अशी की गवळीसुद्धा तिच्या दारात दूध मोजताना एक शब्द बोलायचा नाही. सुटीवरून आली की ही बाई फळ्यांवर बोट फिरवून बघायची, बदलीवालीनं काय बिघडवून ठेवलंय ते. बिघडलेलं काही सापडायचं नाही. त्यामुळे ती आणखीच चिडायची. दोन-चार चुका सापडल्या असत्या तर दोघींची मैत्री तरी झाली असती. कित्येक वर्षं त्यांच्यात "किल्ली घ्या" आणि "किल्ली द्या" यापलीकडे बोलणं झालं नसेल.

आता मेळाव्याच्या फोटोंबद्दल सांगायला हवं. शिकून, नोकरीला लागून, लग्नं करून बाहेर पडलेली मुलं त्या दिवशी बायकापोरांना घेऊन येतात. रीत अशी, की संचालकांच्या कचेरीतली हातांची खुर्ची आवारात आणायची, तिच्यावर घराची आई बसवायची आणि तिच्या मागे बाकांवर तिची सगळी मुलं उभी करायची. घराला एक फोटो. हे फोटो देणगीदारांना जातात, म्हणून सूचना असतात. चेहरे रडके नकोत, पण फार खिदळायचंही नाही. आधीचे एक संचालक म्हणायचे, "थोडं आशेनं बघा." आशेनं बघायला सांगितलं की माणसं बद्धकोष्ठ झाल्यासारखी दिसतात, हा माझा धंद्यातला अनुभव.

एखाद्या घराची आई नोकरी सोडून गेलेली असली की पंचाईत. मुलं आहेत, खुर्ची आहे, आई नाही. मग हाक जायची, "बदली आईला बसवा." ती एरवी एका बाजूला सगळ्यांची तान्ही मुलं आणि पिशव्या सांभाळत उभी असायची. हातातलं मूल कोणाकडे तरी देऊन यायची आणि खुर्चीच्या अगदी कडेवर टेकायची, बसमधे शेजारच्याला जागा द्यायला बसतात तशी.

"जरा मागे टेकून बसा," मी दर वर्षी म्हणायचो.

"नको. खुर्ची तिची आहे."

"अहो, ती गेली की सोडून!"

"म्हणून काय झालं? खुर्ची तिचीच."

असे तिचे कितीतरी फोटो माझ्याकडे आहेत. सगळ्यांत ती कडेवर बसलेली, आणि खाली छापलंय सोडून गेलेल्या कुठल्यातरी आईचं नाव.

मागच्या वर्षी तिची साठी आली. तीन नंबरचीचीही त्याच वर्षी. निवृत्त आयांसाठी आवाराच्या मागच्या बाजूला खोल्यांची एक रांग आहे. लहानच खोल्या. एक पलंग, एक फळी, एक शेगडी, मागच्या झाडाकडे उघडणारी एक खिडकी. त्यातल्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. तीन नंबरचीला एक आपोआप मिळाली. बदली आईचं नाव आलं तेव्हा नियम आडवा आला. खोली कोणाला, तर जिनं संस्थेत मुलं वाढवली त्या आईला. आणि संस्थेत जेवढी मुलं वाढली ती सगळी कुठल्या ना कुठल्या घराच्या, म्हणजे त्या घरच्या आईच्या खात्यावर. बदली आईनं किती मुलं वाढवली? नियमानुसार एकही नाही.

भाऊ वारला होता. वहिनी अजून होती आणि घर अजून 'तुझंच' होतं. तेवढं सोडलं तर बाईला जायला जागा नव्हती.

नवे संचालक चांगले गृहस्थ होते, आणि हीच खरी अडचण. वाईट माणसानं सरळ नाही म्हटलं असतं आणि आपण त्याला शिव्या घालून मोकळे झालो असतो. हे मोठमोठ्या संस्थांत काम करून आलेले, 'निकष' आणि 'पात्रता' असल्या शब्दांत विचार करणारे, पण मनानं खरोखर मऊ. मेळाव्याच्या आधी माझ्या स्टुडिओत आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "या वर्षी आपण सातवी खुर्ची मांडू. बदली आईंची. ज्या मुलांना त्या आपली आई वाटतात, ती मागे उभी राहतील. दहा-बारा जण जरी आले तरी तो फोटो घेऊन मी विश्वस्तांकडे जातो. पुरावाच होईल."

"प्रेमाला कसला पुरावा लागतो, साहेब?" मी म्हटलं.

"प्रेमाला नाही लागत. विश्वस्तांना लागतो."

मलाही ते पटलं. दहा-बारा कसले, शंभर येतील, असं मी माझ्या बायकोला घरी जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "सगळ्यांदेखत? आयांच्या समोर? तुम्हा पुरुषांना अक्कल म्हणून नसते." मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं, नेहमीसारखं, आणि नेहमीसारखंच ते महागात पडलं.

मेळाव्याला ही गर्दी. सहा घरांचे फोटो झाले. सहाही जागा त्या वर्षी भरलेल्या होत्या, त्यामुळे बदली आईला एकाही फोटोत बसावं लागलं नव्हतं. सहाही आया सावलीत ओळीनं बसल्या होत्या आणि आपापली मुलं त्यांच्या अवतीभवती होती. मग संचालकांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला, दोन गोड वाक्यं बोलले, खोलीची गोष्ट मोकळेपणानं सगळ्यांना सांगितली आणि म्हणाले, "तर ज्यांना ज्यांना बदली आई आपल्या आई वाटतात, त्यांनी या सातव्या खुर्चीमागे यावं."

बदली आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्या कडेवर कोणाचं तरी बाळ होतं, ते काढून घेतलं आणि तिला खुर्चीवर बसवलं. ती बसली, खुर्चीच्या कडेवरच. मी कॅमेऱ्याला डोळा लावला. चौकटीत ती, तिच्या मागे रिकामे बाक, आणि त्यामागे संस्थेची भिंत.

कोणी आलं नाही.

माया नव्हती असं नाही. सगळे तिच्याकडेच बघत होते, काहींचे डोळे भरलेले मला भिंगातूनही दिसत होते. पण प्रत्येकाच्या शेजारी त्याची आई बसलेली. तिच्या देखत उठून दुसरीच्या मागे कसं जायचं? तीन नंबरच्या घरातली एक मुलगी, आता इस्पितळात नर्स आहे, ती दोन पावलं पुढे आली. तेवढ्यात मागून तीन नंबरची आई खोकली. साधा खोकला होता की खाकरणं, देव जाणे. मुलगी थबकली. आणि मग मी जे पाहिलं ते मला अजून विसरता येत नाही. बदली आईनंच तिला हातानं खूण केली, 'जा, मागे जा, आईजवळ उभी राहा.' नर्स गेली. इतक्यात पाच नंबरच्या घरातलं एक चिमुरडं धावत आलं आणि थेट हिच्या मांडीवर चढलं. त्या बाळाला निकष ठाऊक नव्हते. हिनं त्याला क्षणभर जवळ घेतलं, खाली उतरवलं, खांद्याला धरून फिरवलं आणि म्हणाली, "तुझी आई तिकडे आहे. पळ." एक राहायची खोली धावत येऊन मांडीवर बसली होती आणि बाईनं ती परत पाठवून दिली.

"आणखी कोणी?" संचालक ध्वनिक्षेपकात म्हणाले. लिलावात पुकारतात तसं. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "घ्या फोटो, संपवून टाकू."

"कशाचा घेऊ? बाकांचा?" मी म्हटलं. माझं डोकं सणकलं होतं. त्यांच्यावर, त्या आयांवर, त्या मूग गिळून बसलेल्या घोड्यांवर, आणि सगळ्यांत जास्त त्या खुर्चीच्या कडेवर बसलेल्या शहाण्या बाईवर.

तेव्हा तीन नंबरची उठली. काठी नव्हती हातात, पण असल्यासारखी चालत आली.

"साहेब, ते भोंगं बंद करा आधी," ती म्हणाली. "इतकी वर्षं ही बाई माझ्या घरात येते. मी सुटीवरून आले की फळ्या तपासायची, डबे तपासायची, आणि मुलंसुद्धा तपासायची. म्हटलं, एखादं तरी हिच्याकडे वळलं असेल. एकही वळलं नाही. हिनं वळू दिलं नाही. माझी मुलं माझी राहिली ती हिच्यामुळे. आणि तुम्ही आज त्याबद्दल हिला घराबाहेर काढणार?" मग मागे वळून ओरडली, "काय रे, पाय मोडले का तुमचे? या इकडे सगळे!"

आईनं हाक मारल्यावर काय बिशाद! तीन नंबरचं अख्खं घर, जावयासुनांसकट, खुर्चीमागे येऊन उभं राहिलं. आता बाकीच्या पाच जणींची पंचाईत झाली. तीन नंबरची मोठ्या मनाची ठरते आणि आपण काय बसून राहायचं? दोन नंबरची उठली, तिला बघून एक नंबरची, मग उरलेल्या तिघी एकदमच, आणि प्रत्येक जण आपली पलटण घेऊन. "आमचं घर पुढे!" "आम्ही आधी आलो!" अशी ढकलाढकली सुरू झाली. मायेनं जे होत नव्हतं ते चढाओढीनं झालं. गर्दी चौकटीत मावेना, तेव्हा मी पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढलो आणि वरून ओरडलो, "बदली आई, निदान आज तरी मागे टेकून बसा!" तिनं मान हलवली. टेकली नाही. फोटो मात्र असा आला, की माझ्या वडिलांनी पाहिला असता तर त्यांनी मला प्रथमच शाबासकी दिली असती.

संचालक तो फोटो घेऊन विश्वस्तांकडे गेले. परत आले ते थेट माझ्याकडे, आणि बाकावर बसून बराच वेळ बूट बघत राहिले. विश्वस्तांना फोटो फार आवडला होता. तो त्या वर्षीच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर छापायचं ठरलं होतं. पण खोलीच्या बाबतीत त्यांचं म्हणणं असं पडलं, की फोटोतली सगळी मुलं आधीच त्या त्या आयांच्या खात्यावर मोजलेली आहेत, तीच पुन्हा हिच्या खात्यावर मोजली तर मुलांचा आकडा दुप्पट होईल आणि देणगीदारांची दिशाभूल होईल. एका मुलाला दोन आया दाखवता येत नाहीत. रिकामी खोली पुढे निवृत्त होणाऱ्या पात्र आईसाठी राखीव. मात्र विश्वस्त काही दगड नव्हते. त्यांनी मध्यम मार्ग काढला. निवृत्त आयांपैकी कोणी गावाला गेल्या, तर तेवढ्यापुरती त्यांची खोली बदली आईंना वापरता येईल.

"म्हणजे निवृत्तीनंतरही बदलीवरच?" मी विचारलं.

"शब्द तसाच आहे," संचालक म्हणाले. त्यांनी चहा घेतला नाही.

बाईला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरं झालं. मला सवय आहे." असल्या माणसांची मला चीड येते. त्यांच्यासाठी भांडायला जावं तर तीच आपला हात धरतात.

तीन नंबरचीनं आपल्या खोलीत सामान लावलं, आठ-पंधरा दिवस राहिली आणि एक दिवस किल्ली बदली आईच्या हातात देऊन म्हणाली, "नर्सकडे दोन दिवस जाऊन येते." बदली आई बॅग घेऊन त्या खोलीत आली. दोन दिवसांनी निरोप आला, "आणखी दोन दिवस राहते." मग पुन्हा तोच निरोप. पावसाळा गेला, थंडी आली. दोन दिवस काही संपेनात.

मी तो मेळाव्याचा फोटो मोठा करून, फ्रेम घालून तिला द्यायला गेलो. पैसे घेणार नव्हतोच, पण ती विचारणार म्हणून वाटेत तोंडपाठ करून ठेवलं होतं की संस्थेनं दिलेत. खोलीत गेलो तर बॅग दाराशी, भरलेली. पलंगावर तिची स्वतःची चादर, फळीवर तीन नंबरचीचे डबे जिथल्या तिथे. तीन नंबरचीच्या चपला पुसून कोपऱ्यात ठेवलेल्या. इतके महिने एक बाई तिथे राहत होती आणि खोलीला त्याचा पत्ता नव्हता.

"खिळा कुठे ठोकू?" मी म्हटलं.

"नका ठोकू. भिंत तिची आहे." तिनं फ्रेम घेतली, डोळे भरून पाहिली, आणि भिंतीला टेकवून खाली जमिनीवर ठेवली.

"आणि ही बॅग? अजून भरलेलीच?"

"ती आली की तिला 'ऊठ' म्हणायला लागू नये."

पुढच्याच आठवड्यात ती नर्स ओळखपत्राचा फोटो काढायला आली. म्हटलं, काय म्हणतात आई? पोरगी रडकुंडीला आली होती. "काका, आमच्याकडे एकच खोली. आई बाहेरच्या बाकड्यावर झोपते, पाठ धरलीय तिची. माझा चहा पांचट, माझी भांडी तेलकट, माझ्या नवऱ्याचं घोरणं, सगळ्याचा तिला वैताग आलाय. रोज आपल्या खोलीची आठवण काढते, त्या खिडकीची. मी म्हटलं, मग जा ना आई. तर म्हणते, कशी जाऊ? मी दारात दिसले की ती येडी बॅग उचलून तांदळाच्या पोत्यांत जाऊन झोपेल. तिनं बॅग सोडली असं कळलं की जाईन."

मी तिला बॅगेची आणि न ठोकलेल्या खिळ्याची गोष्ट सांगितली. सांगताना माझाच आवाज चढला. म्हटलं, "सांग तुझ्या आईला, ती बॅग जन्मात सुटत नाही. कडेवर बसायची सवय लागलेली बाई आहे ती. बसा दोघी अशाच, एक तुझ्या बाकड्यावर, एक तिच्या पलंगाच्या कडेवर."

दोन दिवसांनी स्टुडिओसमोर एक टेम्पो थांबला. मागे एक लोखंडी खाट बांधलेली, पुढे ड्रायव्हरशेजारी तीन नंबरची आई. "फोटोवाले," तिनं खिडकीतूनच हुकूम सोडला, "हातोडी घ्या आणि चला."

खाट खोलीच्या दाराशी उतरली तेव्हा बदली आईनं बॅग खांद्याला लावली होती. तीन नंबरचीनं ती काही न बोलता ओढून घेतली आणि पलंगाखाली पायानं सारली. एवढ्यात कोणीतरी वर्दी दिली असावी, संचालक धापा टाकत आले. खाट पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आई, तुम्हाला माहीत आहे ना," ते म्हणाले, "एका खोलीत दोन आयांना राहायची परवानगी नाही. नियमच आहे तसा."

"दोन कुठे आहेत?" तीन नंबरची म्हणाली. "एकच आहे की, मी. ही आई नाही. तुमच्या विश्वस्तांनीच ठरवलंय ना?"

संचालकांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग खाटेकडे, मग बदली आईकडे. आणि हळूहळू त्या भल्या माणसाच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, की वर्षानुवर्षं 'आशेनं बघा' म्हणून मी जे शोधत होतो ते हेच असावं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "नियमात बसतंय." मग बाह्या सरसावून त्यांनी खाटेचं एक टोक धरलं.

खाट खिडकीशी लागली. बदली आईची चादर पसरली तेव्हा तीन नंबरचीनं सवयीनं कोपरा उचलून पाहिला. तिच्याच पद्धतीनं दुमडलेला होता. "तुझ्या पद्धतीनं घाल ना जरा," ती चिडून म्हणाली. बदली आई गोंधळली. आपली पद्धत कुठली, हे तिला आठवेना बहुतेक. मग तिनं चादर नुसतीच सोडून दिली, कशीतरी, एका बाजूला लोंबती.

"आता खिळा," तीन नंबरची मला म्हणाली.

"अहो, भिंतीला भोक पडेल," बदली आई कळवळून म्हणाली. "पुढे इथे दुसरं कोणी राहायला आलं तर त्यांना दिसेल."

"दिसू दे. इथे कोणीतरी राहत होतं हे कळू दे त्यांना."

मी खिळा ठोकला. पहिल्या दोन फटक्यांना ती दचकली. फ्रेम लावून मी मागे सरकलो आणि विचारलं, "सरळ आहे का बघा." ती खाटेच्या कडेवर बसली होती, तिथून तिला नीट दिसेना. मान वर करून बघता बघता ती मागे मागे सरकत गेली आणि तिची पाठ भिंतीला टेकली. फोटो डावीकडे किंचित कललेला होता, मला दिसत होतं.

"सरळ आहे," ती म्हणाली, आणि तशीच बसून राहिली. माझ्या हातात हातोडी होती. कॅमेरा दुकानातच राहिला होता.